गोल प्लास्टर

हाड जुळतं ही गोष्ट मी रोज बघते आणि तरी मला ती अजून पुरती खरी वाटत नाही. मोडलेले दोन तुकडे समोरासमोर आणायचे, हलू द्यायचे नाहीत आणि वाट बघायची, एवढंच आपल्या हातात. बाकीचं सगळं हाड आपलं आपण करतं. एक्सरेवर आधी काळी फट दिसते, मग तिथे काहीतरी धूसर धरायला लागतं, आणि एक दिवस तिथे हाड असतं. डॉक्टर लोकांना याचं फारसं काही वाटत नाही. मला वाटतं. इतकी वर्षं फिजिओथेरपी करून माझे स्वतःचे गुडघे झिजले, पण हे नवल काही झिजलं नाही.

आमचं नर्सिंग होम इथे हिंदी मुलखात, आमच्या जुन्या संस्थानी शहराच्या जयेंद्रगंज भागात आहे. खाली औषधांचं दुकान, वर हाडांचे डॉक्टर बसतात, त्यांच्या शेजारी प्लास्टरची खोली आणि तिला लागून माझी. मधलं दार कुणीतरी कधीच काढून टाकलंय आणि तिथे एक हिरवा पडदा लटकतो. त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते मला बसल्या जागी दिसतं आणि ऐकू येतं. बघायचं नसेल तर पडदा ओढून घेता येतो. मी तो बऱ्याचदा ओढलेला आहे.

माझं काम प्लास्टर कापल्यावर सुरू होतं. महिना-दीड महिना बंद राहिलेला हात आखडून जातो, त्याला पुन्हा वळायला शिकवायचं. तळहात वर, तळहात खाली. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण हे वळण गेलं तर माणसाला कुलपात किल्ली फिरवता येत नाही, घास नीट उचलता येत नाही, ओला कपडा पिळता येत नाही. काहींचा हात पंधरा दिवसांत सुटतो. काहींचा किती घासलं तरी सुटत नाही, आणि या दुसऱ्या लोकांना मी वर्षानुवर्षं रागावत आले. माझ्या जिभेला धार आहे, घरचे सगळे सांगतील. "घर पे कुछ करते नहीं हो, यहाँ आके रोते हो," हे माझं ठरलेलं वाक्य होतं. कार्डावर मी लिहायची, पेशंट सहकार्य करत नाही.

आता तिच्याबद्दल. नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हणून सांगितलंय. अकरा वर्षं ती आमच्या मजल्यावर सफाईचं काम करत होती, ठेकेदाराकडून आलेली, सफाई कामगारांच्या वाल्मीकी वस्तीत राहणारी. या अकरा वर्षांतलं आमचं संभाषण सांगायचं तर ती म्हणायची, "दीदी, पाँव ऊपर," आणि मी स्टुलाच्या आडव्या दांडीवर पाय घ्यायची. ती खालून पोछा मारायची आणि पुढे जायची. एवढंच. मला वाटायचं आमचं छान जमतं.

एका सोमवारी ती नेहमीच्या वेळेला आली, पण हातात बादली नव्हती. डावा हात पदरात गुंडाळून ती बाहेरच्या बाकावर बसली होती. स्टाफपैकी कुणी त्या बाकावर बसत नाही, म्हणून मी थांबले. हात सुजून मनगटापासून कोपरापर्यंत सारखा झाला होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "गिर गई."

एक्सरे आला तेव्हा डॉक्टरांनी बघितला, मीही बघितला, आणि कार्डावर पडल्याचंच लिहिलं. पडणारा माणूस हात टेकतो आणि त्याचं मनगट मोडतं. हाताचं करंगळीकडचं हाड बरोबर मधोमध मोडतं ते वरून येणारा घाव हातावर घेताना. हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या चांगल्या चांगल्या मराठी घरांतल्या बायकाही हेच हाड घेऊन येतात आणि बाथरूममध्ये घसरले म्हणतात. त्यांच्याही कार्डावर आम्ही घसरल्याचंच लिहितो. त्या माझ्याशी मराठीत बोलतात, मी त्यांना चहा विचारते आणि हातावर हात ठेवून बसते. तिला मी म्हटलं, "अंदर जाओ, भैया प्लास्टर कर देंगे."

प्लास्टरवाले भैया माणूस वाईट नाहीत, हे मला लिहायलाच हवं. माझे यजमान आजारी होते तेव्हा त्यांनी महिनाभर स्वतःच्या घरून आमचा डबा आणला होता. पण त्या दिवशी पडदा अर्धा उघडा होता आणि मी जे बघितलं ते बघितलं. त्यांनी हातमोज्यांवर हातमोजे चढवले, ओल्या पट्ट्या लांबून लांबून गुंडाळल्या, बोटांच्या टोकांनी इकडेतिकडे सारवल्यासारखं केलं आणि बाजूला झाले. सुन्न करायचं इंजेक्शन दिलं नव्हतं. नर्सनं विचारलं तर म्हणाले, "अरे, इनको इतना नहीं लगता, आदत होती है." ती टेबलावर बसलेली. तिनं आपला उजवा हात उचलला, पंजा पसरून ओल्या प्लास्टरवर मधोमध सपाट ठेवला आणि दाबून धरला. स्वतःच्या मोडलेल्या हाडावर. कपाळावर घाम आला होता, ओठ दातांत धरले होते, पण हात ढळला नाही. मग खालची बाजू, मग परत वरची. एकाच हातानं ती दोन्हीकडे पुरी पडायला बघत होती. मधेच तिनं मान वळवून पडद्याकडे, माझ्याकडे पाहिलं.

मी उठले नाही. प्लास्टर माझं काम नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आठ दिवसांनी दुसरा एक्सरे काढला. तुकडे सरकले होते, हाडाला बाक आला होता. डॉक्टर वैतागून म्हणाले की हिनं हात हलवला असणार, आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. माझ्या तोंडून सवयीनं तेच निघालं, "हिलाया होगा तुमने."

ती म्हणाली, "दीदी, एक बार बाहर से देख लो." आणि प्लास्टरचं कोपराकडचं टोक माझ्यासमोर धरलं. "गोल है. हमने तो उसी दिन कह दिया था अपनी बहन से, गोल बना है, टेढ़ा जुड़ेगा."

मला कळेना. मग तिनं समजावून सांगितलं, शांतपणे, मी पेशंटला समजावते तसं. कापलेली प्लास्टरं रोज संध्याकाळी तीच पोत्यात भरून मागच्या अंगणात नेते. अकरा वर्षं नेतेय. सुरुवातीला तिला वाटायचं सगळी सारखीच. मग तिच्या लक्षात आलं की काही प्लास्टरं चपटी असतात, दोन्ही बाजूंनी दाबलेली, आणि त्यांच्यावर आख्ख्या तळहाताचे ठसे असतात. काही नुसतीच गोल असतात, नळीसारखी, आत दोन बोटं जातील इतकी सैल, म्हणजे हाडाला सरकायला जागाच. चपट्यांतून निघालेले हात तिला पुढे माझ्या खोलीतून हसत जाताना दिसायचे. गोलवाले महिनोन्‌महिने येत राहायचे आणि माझी बोलणी खायचे. कोण कुठल्या प्लास्टरमधलं, हे तिच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असणार? फरशी पुसणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही, तिला मात्र सगळे दिसतात.

"जिनको हाथ लगाते हैं, उनका चपटा निकलता है," ती म्हणाली. "हम लोगों का गोल. सहरिया आदिवासी आते हैं, उनका गोल. और औरतों का भी, जिनका आदमी सामने खड़ा रहता है कि ज़्यादा हाथ मत लगाओ. और जो औरत भी है और हम लोगों में से भी, उसका तो बिल्कुल ही गोल."

मी म्हटलं, दाखव. ती मागे गेली आणि एका हातानं पोतं ओढत आली. माझ्या टेबलावर तिनं दोन प्लास्टरं ठेवली. एक बाडा बाजारातल्या कापडदुकानदाराचं, दोन दिवसांपूर्वी कापलेलं. त्याच्यावर माझा पंजा ठेवला तर भैयांच्या पंज्याच्या ठशात अलगद बसला. दुसरं घाटीगावकडून आलेल्या एका सहरिया बाईचं. ते गुळगुळीत होतं. त्याच्यावर कुणाचाच हात नव्हता.

शरमेची गोष्ट पुढे सांगते, पण आधी आश्चर्यच वाटलं, अक्षरशः तोंडाचा आ वासला. शिकलेले आम्ही चार जण त्या मजल्यावर, एक्सरे बघणारे, कार्डं लिहिणारे. आणि ज्या गोष्टीनं माणसांचे हात वाकडे राहत होते ती या बाईनं कचऱ्यातून, एकटीनं, कुणाला न विचारता शोधून काढली होती. इतकी वर्षं ती हे डोक्यात घेऊन माझ्या स्टुलाखालून पोछा फिरवत होती. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. ती हसली. "किसको?"

मग माझे एकेक पेशंट आठवायला लागले. ती वीटभट्टीवरची बाई, जिला मी आळशी म्हटलं होतं. तो गटारात उतरणारा म्हातारा, जो दर वेळी हात जोडून जायचा. हात वळणारच नव्हता त्यांचा, आत हाडच वाकडं जुळलं होतं, आणि मी त्यांना व्यायाम करत नाही म्हणून झापत होते. आणि भैयांना काय नावं ठेवू? माझ्या खोलीत शेकाची मशीन आहे, करंटची मशीन आहे. ओळखीच्या, बरोबरीच्या माणसांना मी हातानं मोकळं करते, तेलाचा हात लावून, गप्पा मारत. काहींना मात्र मशीन लावून देते आणि वीस मिनिटं मोबाइल बघते. कुणाला हात आणि कुणाला मशीन, हे मी कधी ठरवलं नव्हतं. पण यादी काढली असती तर ती तिच्या पोत्याशी तंतोतंत जुळली असती. आमच्या घरी शिवाशिव मानत नाहीत, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगते, सांगत होते.

डॉक्टर परत आले तेव्हा मी दोन्ही प्लास्टरं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन्ही हातात घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाले, आता दोनच उपाय आहेत, एकतर ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवायची, नाहीतर आजच्या आज हाड पुन्हा सरळ करून नीट प्लास्टर. अजून काही दिवस गेले तर हाड वाकडंच धरेल. ती ऑपरेशनला नाही म्हणाली. घरी नवऱ्याजवळ मुलगी एकटी राहील, म्हणाली. ठेकेदारानं तिची जागा अडीच महिने धरून ठेवायचं कबूल केलं होतं. पोछा पिळता आला नाही तर ते काम संपलं, हे तिनं आम्हाला दोन वाक्यांत सांगितलं.

भैया पाण्यात पट्ट्या भिजवायला लागले. ती म्हणाली, "लपेट भैया दें. दबाएँगी दीदी."

मी म्हटलं, "ये मेरा काम थोड़ी है."

"हाथ का ही तो काम है, दीदी."

या वेळी इंजेक्शन दिलं गेलं, मी उभी राहून द्यायला लावलं. डॉक्टरांनी हात ओढून धरला, भैयांनी पट्ट्या गुंडाळल्या, आणि मी हातमोजे न घालता दोन्ही तळहात तिच्या हातावर ठेवले, एक वरून, एक खालून. बोटं लावायची नाहीत, सपाट पंजाच, हे तिनंच मला सांगितलं. "थोड़ा नीचे. हाँ. अब हिलना मत." पेशंट मला हुकूम देत होती आणि मी ऐकत होते. प्लास्टर सुकताना तापतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण ती ऊब तळहातांत चढत जाते, ओलं लिबलिबीत असलेलं आपल्या हाताखाली हळूहळू दगड होतं, आणि त्याच्या आत कुणाचं तरी हाड आपण धरून आहोत, हे मला पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "रोइए मत, हाथ हिल जाएगा."

मी हात काढले तेव्हा भैया आमच्याकडे बघत उभे होते. त्या दिवसानंतर दर संध्याकाळी पोतं बाहेर जायच्या आधी मी ते उघडून बघते, आणि मी बघते हे त्यांना माहीत आहे. आता गोल क्वचितच निघतं. निघालं की मी पडदा सारते आणि विचारते. माझ्या जिभेचा एवढा तरी उपयोग.

सहा आठवड्यांनी तिचं प्लास्टर कापलं. हात बारीक झाला होता, कातडी सुकलेली, पण एक्सरेत हाड सरळ होतं. मग मी रोज दुपारी तिचा हात माझ्या हातात घेऊन बसायला लागले. मशीन लावली नाही. घरी माझी मुलगी म्हणायला लागली, "आई, तू तर रोज तिचीच बात घेऊन बसतेस. पहले तो कभी ज़िक्र भी नहीं किया." तिसऱ्या आठवड्यात तिनं माझ्यासमोर पोछा पिळून दाखवला, शेवटचा थेंब पडेपर्यंत. ती कामावर रुजू झाली. मी म्हटलं, झालं, आता यायची गरज नाही.

तरी ती जेवणाच्या सुट्टीत येतच राहिली. वळणाचा शेवटचा थोडा भाग उरला होता, कामाला न लागणारा. बहुतेक लोक तो सोडून देतात. ती सोडेना. दुखायचं, डोळे घट्ट मिटायची आणि म्हणायची, "और." शेवटी एकदा मी चिडून विचारलं, एवढं काय अडलंय तुझं या उरलेल्यावाचून?

तिनं डावा हात डोक्यावर आडवा धरला, करंगळीकडची कड पुढे. "तब ऐसे किया था," म्हणाली. "हड्डी सामने आ गई." मग तोच हात तिनं सावकाश वळवला. कड मागे गेली, तळहात पुढे आला. अगदी पुरा यायला थोडा कमी पडत होता. "अब ऐसे करूँगी. लाठी पकड़ लूँगी."

मला वाटत होतं आम्ही दोघी पोछ्यासाठी झटतोय. ती पहिल्या दिवसापासून कशासाठी झटत होती ते मला तेव्हा कळलं. कुणीही म्हणेल ते सगळं मी म्हटलं, पोलीस, तक्रार, बहीण, घर सोड. तिनं ऐकून घेतलं. या सगळ्याचा विचार तिनं माझ्या आधीच केलेला होता. बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला आहे, ती ठेवून घ्यायला तयार आहे, पण निघताना नवरा दारात उभा राहणार. "निकलने के लिए भी तो हाथ चाहिए, दीदी."

खांद्याच्या व्यायामासाठी माझ्या खोलीत एक लाकडी दांडा आहे. मी तो उचलला. पुढचे कितीतरी दिवस दुपारी पडदा ओढून मी तो दांडा वरून हळूहळू तिच्यावर आणत होते आणि ती हात वळवून तो पंजात घेत होती. पहिल्या दिवशी तिच्यावर दांडा उगारताना मीच मधे थांबले. तिनं हात वर धरला, पण डोळे मिटले. आठवड्यानं डोळे उघडे ठेवले. मग म्हणाली, "अब ज़ोर से." मी कुणावर दांडा उगारेन असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्याहून मोठं काम माझ्या हातून झालेलं मला आठवत नाही. ज्या दिवशी वळण पुरं झालं त्या दिवशी तिनं दांडा पकडला आणि माझ्या हातातून ओढूनच घेतला. आम्ही दोघी हसलो.

त्यानंतर काही दिवसांनी ती सकाळी आली ती दोन पिशव्या आणि मुलीला घेऊन. मुलीला तिनं बाहेरच्या बाकावर बसवलं, आत आली आणि डावा हात माझ्यापुढे उघडला. तळहातावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड निळी रेघ उठली होती. मी घाबरून कोपरापासून खाली हाड चाचपत आले. सगळं शाबूत होतं.

"टूटी नहीं," ती म्हणाली. "लाठी छोड़ी भी नहीं. वही छोड़ के पीछे हटा."

मी बर्फ आणला, फडक्यात गुंडाळला, आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसले. मुरारला जाणारा टेम्पो कुठून मिळेल ते तिनं विचारलं, मी सांगितलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि ते कसं करतात हेच सुचत नव्हतं. मी नुसती त्या रेघेकडे बघत राहिले. शेवटचा तो थोडासा भाग राहून गेला असता, तर हीच रेघ हाडावर असती आणि मुलगी अजून घरातच असती.